वडाचं भेटकलम

रविवार, १८ मे

मी रखमाबाई. वय चौऱ्याहत्तर, नाहीतर शहात्तर. आईने नीट सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. काल संध्याकाळी लांज्याहून डोंबिवलीला मुलाच्या घरी कायमची राहायला आले. बरोबर एक ट्रंक, एक फणस आणि दोन गुडघे. गुडघ्यांतला एकच कामाचा.

अक्षर मला येत नाही. हे लिहिते आहे माझी सून आसावरी. ती शाळेत तिसरीच्या मुलांना शिकवते आणि त्यांच्याकडून रोज दहा ओळी रोजनिशी लिहून घेते. सुट्टी लागली, मुलं पळाली, म्हणून तिच्या तावडीत मी सापडले. ठरलंय असं, की दुपारी चारच्या चहाला मी बोलायचं, तिने लिहायचं आणि खाली मी अंगठा द्यायचा. त्यासाठी तिने शिक्क्याची जांभळी गादीसुद्धा काढून ठेवली आहे. मी म्हटलं, सासू बोलेल ते सुनेने लिहून घ्यायचं, असं भाग्य माझ्या सासूला लाभलं नाही. तर म्हणाली, आई, लिहून घेईन, ऐकेनच असं नाही. आता हे तिने लिहिलं की गाळलं ते मला कळायचं नाही. लिहिलंस ना गं?

विनीत, माझा मुलगा, जामनगरला एका बांधकामावर आहे. वीस जुलैला रजेवर येईल. तोवर घरात आम्ही दोघीच. सोसायटीचं नाव शिवप्रभा. तीन मजले, जुनं काम, लिफ्ट नाही, पण आपण तळमजल्यावर, तेव्हा माझ्या गुडघ्याला हरकत नाही. वारा फिरला की कारखान्यांकडचा वास येतो. सगळे तो न बोलता आत घेतात, पाहुण्यासारखा. स्वयंपाकघराच्या खिडकीत मात्र अख्खा वड आहे. इमारतीच्या आधीपासूनचा. पारंब्या सायकल स्टँडच्या पत्र्यावर टेकल्या आहेत. हिरवं बघून जीव गार झाला.

आसावरीचा चहा पाणचट असतो. बाकी पोरगी सोन्यासारखी आहे. हे तिच्या तोंडावर म्हणणार नव्हते, पण लिहायला तीच बसली आहे, काय करणार.

बुधवार, २१ मे

आज वडाला भेटायला गेले. गेटवरच्या गुणाजीने खुर्ची आणून दिली. गुणाजी वॉचमन, चिपळूणचा, साठीचा. मला काकी म्हणतो. मी म्हटलं, अरे, तुझ्या डोक्यावर माझ्यापेक्षा कमी केस आहेत, ताई म्हण. तो लाजला. गावाकडची माणसं अजून लाजतात.

माझ्याबद्दल एक गोष्ट लिहून ठेव आसावरी. तीस वर्षं मी रोपवाटिकेत आंब्याची कलमं बांधली. शाळा पाहिली नाही, पण झाडाची साल मी वाचते. अंगठ्याचं नख थोडं रुतवायचं, मग अंगठा दाबून धरायचा. आत ओल आहे की नाही, झाड राहतंय की निघालंय, ते अंगठ्याला कळतं.

वडाच्या खोडाला मागच्या वटपौर्णिमेचं सूत तसंच आहे. त्याखाली त्याच्या आधल्या वर्षीचं. ते कोणी काढत नाही, ते आपोआप कुजून जायचं. पण त्या सुताखाली मला आणखी एक सूत दिसलं. बोटाने उचलायला गेले तर उचललं नाही. ओलसर, रेशमासारखं, सालीत शिरलेलं.

ते सूत नव्हे. ती बुरशी. फणसाला लागते तीच. आमच्याकडे तिला गुलाबी म्हणतात. नाव ऐकून कोणी नऊवारीचा रंग समजेल. तिची चार रूपं. आधी कोळ्याच्या जाळीसारखं पांढरं. मग सालीच्या भेगांतून वर येतात ते पांढरे दाणे. मग गुलाबी साय, जणू कोणी हाताने रंग फासलाय. शेवटी शेंदरी ठिपके. त्या ठिपक्यांची धूळ पावसाच्या शिंतोड्याने, वाऱ्याने, माणसाच्या हाताने दुसऱ्या झाडावर जाते आणि तिथे पुन्हा जाळी धरते. असं तिचं चाक फिरतं. मधल्या मध्ये फांदी मरते, पण पानं गळत नाहीत. वाळून जागच्या जागी लटकतात. लांबून वाटतं, झाड झोपलंय.

आसावरी म्हणाली, आई, तुम्ही हे किती प्रेमाने सांगता. मी म्हटलं, तीस वर्षं जिच्याशी भांडले तिची आठवण प्रेमानेच निघते. तुझ्या सासऱ्यांचंही तसंच.

रविवार, २५ मे

यंदा पाऊस मेमध्येच आला आणि सगळं चिंब झालं, म्हणून घाई केली. गुणाजीने मोरचूद आणि चुना आणला. बादलीत निळा लेप कालवला. ट्रंकेतून माझा कलमाचा चाकू काढला. रोगट साल खरवडायची, खालच्या ओल्या अंगाला लेप लावायचा, असं त्याचं औषध.

पण आधी सूत काढायला हवं होतं. रोग सगळा सुताखाली बसलेला.

मी चाकू सुताला लावला मात्र, पहिल्या मजल्यावरून हेमा धावत खाली आली. ती आसावरीची मैत्रीण, बँकेत आहे. म्हणाली, आजी, सवाष्णींनी गुंडाळलेलं सूत आहे हो, तोडू नका. पुढचं ती बोलली नाही. बोलली नाही ते मला ऐकू आलं. मी विधवा बाई, घरात येऊन आठवडा झालेला. उद्या कोणाच्या नवऱ्याला शिंक आली तरी चाकू माझा. आसावरी मान खाली घालून उभी होती. तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, बरं, राहू दे.

चुकलं. चुकतंय हे तेव्हाही ठाऊक होतं. सुनेच्या घरात पहिल्याच आठवड्यात वाईट व्हायचं नव्हतं, एवढंच.

मग सुताच्या मधून मधून खरवडलं. आसावरीने मदत केली. बादली धरताना तिचा डावा हात खोडाला घासला आणि मनगटापासून वर चार बोटं लांब कातडं सोललं. मी म्हटलं, मी झाड सोलतेय, तू कशाला रांगेत उभी राहिलीस. ती हसली.

काम करता करता तिने कलम कसं बांधतात ते विचारलं. मी तिला भेटकलम सांगितलं. कुंडीतलं रोप असतं तो खुंट. तो मोठ्या झाडाच्या फांदीजवळ न्यायचा. दोघांची साल समोरासमोर सोलायची, ओल्या अंगाला ओलं अंग लावायचं, सुताने घट्ट बांधायचं आणि चाळीस दिवस थांबायचं. सांधा जुळला की खुंटाचा शेंडा छाटून टाकायचा. मुळं खुंटाची राहतात, वर वाढतं ते दुसरं. आसावरी म्हणाली, म्हणजे लग्नच की हो आई. हसून हसून माझ्या हातातला चाकू पडला.

मंगळवार, १० जून

आज वटपौर्णिमा. सकाळपासून खिडकीत बसून मजा बघितली. सोसायटीतल्या बायका, पलीकडच्या दोन इमारतींतल्या बायका, पैठण्या, गजरे, आणि अर्ध्या जणींना त्यातून कामाची वेळ गाठायची. एकीने प्रदक्षिणा घालता घालता फोनवर कोणाला तरी झापलं. सात जन्म हाच नवरा मागायचा. मी पंचेचाळीस वर्षं मागितला. देवाने माझी कीव करून हिशोब एकाच जन्मात मिटवला असावा.

आसावरी हिरव्या साडीत गोड दिसत होती. सुताची गुंडी डाव्या हातात. वडाचं खोड एवढं रुंद, की एका हाताने सूत धरून दुसऱ्या हाताने पुढे न्यावं तर प्रत्येक फेरीला अंग खोडाला लागतं. तिचं सोललेलं मनगट सातही वेळा त्या सालीवर घासताना मी पाहिलं. जखम वाळली नव्हती. एका फेरीत सुताचा वेढा मनगटावरूनच गेला, ती झाडाशी बांधली गेली, आणि हसत सोडवून घेतलं. मी खिडकीतून हाक मारली, अगं, खोडापासून जरा लांब राहा. कोलाहलात कोणाला ऐकू जातंय.

मग बायकांनी झाडाला हळदकुंकू वाहिलं. रीतीप्रमाणे झाडाला लावायचं आणि तेच बोट आपल्या कपाळाला टेकवायचं. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर मी काठी टेकत गेले. खोड गुलाबी दिसत होतं. मला वाटलं, किती कुंकू ओतलंय. अंगठा लावला. कुंकू कोरडं असतं, चुरा होऊन बोटाला येतं. हे ओलं होतं. सालीवर घट्ट बसलेलं. माझ्या लेपाच्या वरून चढलेलं. मी न कापता ठेवलेल्या प्रत्येक सुताच्या कडेने.

आसावरीने उरलेलं सूत डाव्या मनगटाला बांधलंय. विनीत येईपर्यंत सोडणार नाही म्हणते. मी म्हटलं, त्याला व्हॉट्सअपवर फोटो पाठव आणि सोड. नाही म्हणाली.

सोमवार, १६ जून

वडाची दक्षिणेकडची मोठी फांदी गेली. पानं तपकिरी झाली, एक गळलं नाही. वारा आला की कागदासारखी वाजतात. गुणाजी म्हणाला, काकी, पावसात झाड वाळतं कसं? मी म्हटलं, पाऊस झाडालाच लागतो असं थोडंच आहे, बुरशीलाही लागतो.

शाळा आज सुरू झाली. आसावरी घरी आली तेव्हा मनगटावरच्या सुताखाली काहीतरी पांढरं दिसलं. ती म्हणाली, सुताचे तंतू सुटलेत. मी चष्मा लावला. तंतू सुताचे असते तर सुताबरोबर हलले असते.

तिला न विचारता अंगठा दाबून पाहिला. ओल होती.

सोमवार, २३ जून

कातडीच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी नजर टाकली आणि फंगल आहे, पावसात होतंच, म्हणून मलम दिलं. मी विचारलं, जाळी गेली आणि आता पांढरे दाणे आलेत, पुढे काय येईल ते सांगू का? डॉक्टर म्हणाले, आजी, तुम्ही कुठल्या कॉलेजच्या? मीही हसले. एरवी असं बोलणं मला आवडतं.

सूत सोडा म्हणाले तर आसावरीने हात पदराखाली घेतला. लहान मुलासारखा.

हेमाचं मनगट मुद्दाम बघून आले. स्वच्छ. कपाळही स्वच्छ. तिनेही तीच पूजा केली, तेच सूत, तेच कुंकू. पण तिची साल सोललेली नव्हती.

सोमवार, ३० जून

शाळेतून फोन आला. आसावरी चार दिवस शाळेत गेलेली नाही. घरातून रोज डबा घेऊन निघते. मी गुणाजीला विचारलं. तो म्हणाला, काकी, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. वहिनी गेटपर्यंत येतात, मागे वळतात आणि वडाच्या पलीकडच्या अंगाला जाऊन उभ्या राहतात. दुपारपर्यंत. डावा हात खोडाला लावून. पाऊस असला तरी.

आज चारला चहाला बसली तेव्हा विचारलं. तिने माझा प्रश्नच शांतपणे लिहून घेतला. मनगटापासून कोपरापर्यंत गुलाबी आहे. सुंदर दिसतं, हे म्हणवत नाही पण दिसतं. मेंदी रंगावी तसं.

ती विसरायला लागली आहे. काल साखरेचा डबा हातात घेऊन याला काय म्हणतात ते विचारलं. आज विनीतचा फोन आला तर मला म्हणाली, आई, कोणीतरी पुरुष आहे, तुम्हाला मागतोय.

विनीतला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, आई, तुझं आपलं काहीतरीच, तिला टेन्शन आलं असेल, मी वीसला येतोच आहे.

शुक्रवार, ४ जुलै

आज भाजी निवडताना हात थांबला. लक्षात आलं.

दोघांची साल सोलली — मीच. एकीची चाकूने, दुसरीची माझ्या बादलीपायी. ओल्या अंगाला ओलं अंग लागलं. वर सूत. मी तोडलं नाही ते. भेटकलमाचा एक टप्पा चुकला नाही. तीस वर्षांत एवढं नीट बांधलं नसेल.

आणि या कलमात खुंट कोण? जो कुंडीतून झाडापाशी आणतात तो. ज्याला जागेवरून हलवता येतं तो. मरणारं झाड आपली फांदी त्याच्यावर चढवतं. मुळं खुंटाची राहतात. आणि शेंडा —

शेंडा वाळायला लागलाय. साखरेचा डबा. नवऱ्याचं नाव.

दहा जूनपासून चाळीस दिवस. गुणाजीकडून कॅलेंडरवर मोजून घेतलं. वीस जुलै. विनीत यायचा दिवस. त्याच्या आत सोडवलं तर सुटेल. एकदा सांधा जुळला की चाकू लावून उपयोग नसतो, दोन्ही मरतात.

आसावरी, हे सगळं लिहून घेतलंस ना? घाबरू नकोस. मी आहे.

बुधवार, ९ जुलै

मी रखमाबाई. झाड बरं आहे. झाडाला काही झालेलं नाही. मी चुकीचं बोलले. सूत तोडू नये. सूत कोणीही तोडू नये. आसावरी बरी आहे. तिला उभं राहू द्यावं. ऊन नको. ओल हवी. सर्वांनी येऊन झाडाला भेटावं. उघड्या हाताने भेटावं. कातडं सोललेलं असेल त्याने आधी यावं. मी माझा अंगठा देते.

रविवार, १३ जुलै

हे अक्षर गुणाजीचं आहे. त्याच्या केबिनमध्ये बसले आहे. गुणाजी सातवी शिकलाय, हळू लिहितो, पण सगळं लिहितो. मी त्याला शपथ घातली आहे, माझ्या तोंडून निघेल ते सगळं लिहायचं. एक शब्द गाळायचा नाही. खोकले तर खोकलाही लिही. (काकी खोकल्या.)

बुधवारी मी घटकाभर बोलले. तिला रागावले, समजावलं, उद्या सूत कापणार म्हणून सांगितलं. तिचा हात मात्र थोडक्यात थांबला. अक्षर मला येत नाही, पण ओळी मोजता येतात. मी अंगठा दिला. आज वही पदराखाली लपवून इथे आणली. गुणाजीने पहिल्या पानापासून बोटाखाली शब्द धरून वाचून दाखवलं. चार जुलैपर्यंत सगळं माझं. माझे टोमणेसुद्धा तिने गाळले नव्हते, बिचारीने. आणि बुधवारचं —

ते मी बोलले नाही. ते आसावरीही बोलत नाही. पोरीला साधी दहा वाक्यं न हसता लिहिता येत नाहीत.

आणि त्याखाली माझाच अंगठा आहे. मी न वाचता दिला. आयुष्यभर तसाच दिला.

सूत कापायला गुरुवारी गेले होते. तिने हात पोटाशी धरला आणि पाठ करून बसली. तिचं बळ मला आवरत नाही. गुणाजी म्हणतो, हेमाताईंना बोलावू. नको. आणखी एक हात झाडाजवळ नको.

मंगळवार, १५ जुलै

ती आता घरी येत नाही.

खोडाला टेकून. हात कोपरापर्यंत सालीत — नाही, सालीला. अजून लागून आहे, आत नाही. गुलाबीवर शेंदरी ठिपके आले. गुणाजी छत्री धरून उभा राहिला तर तिने मानेने छत्री बाजूला केली.

केस कोरडे झालेत. ओढले तर निघत नाहीत. लटकून आहेत.

विनीत म्हणतो, वीसला सकाळी पोचतो. आज नीघ म्हटलं. तिकीट नाही म्हणाला.

पाच दिवस.

शुक्रवार, १८ जुलै

झालं. लिही गुणाजी. अक्षर कसंही येऊ दे.

दुपारी दोनला. भर उजेडात. गुणाजीने तिला मागून धरलं. मी आधी सगळं सूत कापलं. यंदाचं, मागचं, त्यामागचं. हेमा खिडकीतून बघत होती. मी वर बघून म्हटलं, हो, मीच तोडतेय. 

सूत पडलं तरी हात सुटेना. सांध्यात चाकू घातला. साल कुठली, कातडं कुठलं, चाकूला कळेना. मी अंगठ्याने चाचपून — मऊ ते तिचं, एवढंच धरून — कापत गेले. आधी चीक आला. पांढरा. वडाचा. तिच्या हातातून. मी कापत राहिले. पांढरं, पांढरं, आणि मग लाल.

लाल आलं तेव्हा मी रडले. जखम अंगठ्याने दाबून धरली.

दवाखान्यात टाके पडले. उद्या घरी सोडतील. झाडाच्या बाजूला, हात होता तिथे, पाच बोटांचा खळगा राहिलाय.

शनिवार, १९ जुलै

चार वाजलेत. घरात बसलोय. आसावरी खिडकीकडे पाठ करून, हाताला पांढरी पट्टी. तीन दिवस ती एक शब्द बोलली नव्हती. आज चहा मी केला. एक घोट घेतला आणि म्हणाली, आई, पाणचट झालाय.

गुणाजी, हे ठळक लिही.

तिने विनीतचं नाव घेतलं. साखरेला साखर म्हणाली. उद्या सकाळी तो येईल, बायको त्याला ओळखेल. चाळीस भरायच्या आत काढली मी तिला. अडतिसाव्या — जाऊ दे. सुटली.

वही त्याला देऊ म्हणते ती. वाचू दे म्हणते, आई कशा बोलतात ते.

मग तिने माझा हात हातात घेतला. विचारलं, आई, तुमच्या अंगठ्याला काय लागलंय?

काही नाही, म्हटलं. शाई असेल.

शाई जांभळी असते.

नखाच्या कडेने. पांढरं. रेशमासारखं. घासलं, गेलं नाही. कधीपासून — वडाला लावला तेव्हापासून? तिच्या मनगटाला लावला तेव्हा? काल जखमेवर तर — आणि प्रत्येक वेळी नंतर वही. प्रत्येक पानाखाली. गुणाजी, मागची पानं उघड बघू. वडाला भेटले त्या दिवसाचा अंगठा. त्यापुढचा.

जाळी आहे ना? प्रत्येक अंगठ्यावर. चार तारखेच्यावर दाणे. नऊ तारखेचा — तो गुलाबी आहे. जांभळ्या शाईवर गुलाबी. मला इथून दिसतोय.

आसावरी, तू लांब हो. मागे जा. दारापाशी.

वही जाळायला हवी. विनीतच्या हातात पडायला नको, कोणाच्याच हातात — ज्याने हातात धरून वाचली त्याने — अरे, तू बोट ठेवून वाचलीस ना? सगळी पानं? शब्दाशब्दाला बोट?

मिटू नकोस. मिटलीस तर पानाला पान लागेल, ओल्याला ओलं. उघडीच ठेव. लिहिणं थांबव. शपथ सुटली, ऐकतोस ना, आता लिहू नकोस.

हात उचल गुणाजी. पानावरचा हात. अरे, ओढ ना, मी सांगते ओढ, तुझा हात का —